गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी : केव्हा करावी, केव्हा टाळावी

गर्भाशयमुखातून एक बारीक दुर्बीण आत घालून गर्भाशयाची पोकळी प्रत्यक्ष पाहण्याच्या पद्धतीला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. या पद्धतीत पोटावर कोठेही छेद घ्यावा लागत नाही. पोटावर लहान छिद्रे पाडून गर्भाशय, गर्भनलिका व अंडाशय बाहेरच्या बाजूने पाहणारी लॅपरोस्कोपी ही वेगळी शस्त्रक्रिया आहे. परंतु बोलण्यात दोहोंनाही ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले जात असल्यामुळे, आणि वंध्यत्वाच्या तपासणीत अनेकदा दोन्ही एकाच वेळी सुचविल्या जात असल्यामुळे, डॉक्टरांनी नेमके काय सांगितले आहे याची खात्री रुग्णेने व तिच्या नातेवाइकांनी आधी करून घेणे इष्ट असते.

ही तपासणी नवी नाही. १८६९ मध्ये पँटालिओनी या वैद्याने, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असलेल्या ६० वर्षांच्या एका स्त्रीच्या गर्भाशयात नळी घालून आतील पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेली मऊ वाढ, पाहिली व ती सिल्व्हर नायट्रेटने जाळली. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत उपकरणे बारीक झाली, पडद्यावर चित्र दिसू लागले आणि निदानाबरोबरच त्याच बैठकीत उपचार करणेही शक्य झाले. ही सोय वाढल्यामुळेच तपासणी कोणाला हवी व कोणाला नको, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. त्याचा निर्णय दोन गोष्टींवर ठरतो : पोकळीत काय आहे हे कळल्याने पुढचा उपचार बदलणार आहे काय, आणि ते सोनोग्राफीसारख्या साध्या मार्गाने कळण्यासारखे नाही काय. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल तेथे ही तपासणी फार उपयोगी पडते. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर ती लांबणीवर टाकण्यात सहसा काही बिघडत नाही.

तपासणीत प्रत्यक्ष काय घडते

निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या दुर्बिणीची आवरणासह जाडी साधारणपणे ३ ते ५ मिलिमीटर असते. गर्भाशयाच्या पुढच्या व मागच्या भिंती एरवी एकमेकींना टेकलेल्या असतात. म्हणून दुर्बिणीबरोबरच सलाईनचा प्रवाह आत सोडून त्या दूर केल्या जातात, तेव्हाच आतील जागा दिसू लागते. वरच्या दोन कोपऱ्यांत गर्भनलिकांची तोंडे दोन लहान छिद्रांसारखी दिसतात, आणि ती दोन्ही दिसली म्हणजे दुर्बीण खरोखर पोकळीतच आहे व पोकळी पूर्ण पाहून झाली आहे, असे डॉक्टर मानतात. पॉलिप असेल तर तो सलाईनच्या प्रवाहात हलताना दिसतो. अस्तराखालून डोकावणारी फायब्रॉइडची गाठ मात्र पांढरट व टणक दिसते आणि प्रवाहाने हलत नाही. निव्वळ पाहण्याला निदानात्मक हिस्टेरोस्कोपी म्हणतात. त्याच दुर्बिणीतून कात्री, चिमटा किंवा विजेवर चालणारी तार घालून काही कापले वा काढले, तर ती शस्त्रक्रियात्मक हिस्टेरोस्कोपी ठरते. पहिल्या प्रकाराला बहुधा काही मिनिटे पुरतात व अनेकींना भूलही लागत नाही, तर दुसऱ्या प्रकाराचा वेळ, भूल व जोखीम हे सारे आतील कामावर अवलंबून असते.

तपासणीसाठी योग्य काळ म्हणजे पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतरचे पहिले काही दिवस. त्या वेळी अस्तर पातळ असते, त्यामुळे लहान पॉलिपही नजरेतून सुटत नाही. मासिक चक्राच्या उत्तरार्धात अस्तर जाड व घड्यांचे होते, त्या घड्या पॉलिपसारख्या भासू शकतात, आणि नुकतीच राहिलेली गर्भधारणा लक्षात न येण्याचा धोकाही त्याच दिवसांत असतो.

कोणत्या परिस्थितीत ती योग्य ठरते

पाळी कायमची गेल्यानंतर, म्हणजे सलग बारा महिने पाळी न आल्यावर, पुन्हा अंगावरून जाऊ लागले तर ते थोडे असो वा जास्त, एकदाच असो वा वारंवार, त्याची तपासणी व्हायलाच हवी. अशा स्त्रियांपैकी सुमारे दहापैकी एकीमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो; उरलेल्यांमध्ये कारण बहुधा साधे असते, पण ते साधे आहे हे तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. पहिली पायरी योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीची असते. अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच अल्प राहते. जाडी त्याहून अधिक असेल, अस्तर नीट दिसत नसेल किंवा जाडी कमी असूनही रक्तस्राव पुन्हा होत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो, आणि वाढ एकाच जागी असल्याचा संशय असेल तर तो तुकडा दुर्बिणीतून पाहून घेणे अधिक भरवशाचे ठरते. ज्याला सर्वसाधारणपणे ‘पिशवी साफ करणे’ किंवा क्युरेटिंग म्हणतात, त्यात न पाहता अस्तर खरवडले जाते. पुष्कळदा पोकळीच्या निम्म्याहून कमी भागाचाच नमुना त्यातून मिळतो व एका कोपऱ्यातील पॉलिप तसाच राहून जातो.

पाळी चालू असलेल्या वयातील अनियमित किंवा अति रक्तस्रावाच्या बाबतीत निवड अधिक बारकाईने करावी लागते. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात अशा रक्तस्रावाची नऊ कारणे मांडली आहेत. पॉलिप, अस्तराचे स्नायूंत शिरणे म्हणजे ऍडिनोमायोसिस, फायब्रॉइड आणि कर्करोग वा त्याच्या पूर्वावस्था ही चार कारणे रचनेतील बिघाडाची आहेत. रक्त गोठण्यातील दोष, स्त्रीबीज वेळेवर न सुटणे, औषधांचा परिणाम इत्यादी उरलेली पाच कारणे दुर्बिणीला दिसणारी नाहीत. पहिल्या चारांपैकीही ऍडिनोमायोसिस स्नायूंच्या आत असल्यामुळे दुर्बिणीपेक्षा सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्येच अधिक कळते. म्हणून सोनोग्राफीत पोकळीतील वाढीचा संशय असेल, औषधोपचार करूनही रक्तस्राव आटोक्यात येत नसेल किंवा वय, लठ्ठपणा, मधुमेह, दीर्घकाळ अनियमित पाळी यांमुळे अस्तराच्या कर्करोगाची जोखीम वाढलेली असेल, तेव्हा हिस्टेरोस्कोपी करण्याला आधार मिळतो.

फायब्रॉइडची गाठ कोठे आहे, यावर सारे अवलंबून असते. जी गाठ पूर्णपणे पोकळीत लोंबते किंवा जिचा बराच भाग पोकळीत डोकावतो, ती दुर्बिणीतून काढता येते व त्याने रक्तस्राव कमी होतो. जी गाठ पूर्णपणे स्नायूंत किंवा गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूस असते, तिच्यासाठी या दुर्बिणीचा उपयोग नसतो. सोनोग्राफीच्या अहवालात केवळ गाठीचा आकार लिहिलेला असेल, तर ती पोकळीत शिरते की नाही हे डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण निर्णय आकारापेक्षा त्या उत्तरावर अधिक ठरतो.

तांबीचा धागा दिसेनासा झाला, तर आधी गर्भधारणा नाही याची खात्री करून सोनोग्राफी करतात. तांबी पोकळीतच असेल पण साध्या साधनांनी निघत नसेल, तेव्हा ती दुर्बिणीतून पाहून काढणे सुरक्षित असते. सोनोग्राफीत ती गर्भाशयात दिसलीच नाही तर पोटाचा क्ष-किरण काढून ती बाहेर सरकली आहे काय हे पाहावे लागते, व तसे असल्यास मार्ग लॅपरोस्कोपीचा असतो.

गर्भपात किंवा प्रसूतीनंतर वारेचा भाग आत राहून रक्तस्राव चालू राहिला असेल, अथवा क्युरेटिंगनंतर पाळी फारच कमी झाली किंवा बंद पडली असेल, तेव्हाही ही तपासणी योग्य असते. दुसऱ्या स्थितीत पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटल्या असण्याचा संशय असतो. जोसेफ अशरमन यांनी १९४८ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केल्यामुळे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हा चिकटपणा सोडविण्यासाठी दुर्बीण हेच मुख्य साधन आहे. भारतात जननमार्गाचा क्षयरोग हेही अशा चिकटपणाचे व वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे. त्याचा संशय असेल तर दुर्बिणीतून पाहून घेतलेला अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याबरोबरच क्षयाच्या जंतूंच्या चाचणीलाही पाठवावा लागतो. मात्र क्षयाने ताठर झालेल्या गर्भाशयाला छिद्र पडण्याची भीती अधिक असते, आणि रोग सक्रिय असताना चिकटपणा सोडविण्याची शस्त्रक्रिया केल्यास तो भडकू शकतो. म्हणून आधी औषधांचा कोर्स पूर्ण करण्याकडे कल असतो.

साधी तपासणी किंवा वाट पाहणे पुरेसे असते तेव्हा

पाळी गेलेल्या स्त्रीची अन्य कारणाने सोनोग्राफी होते आणि अहवालात अस्तर ५ किंवा ६ मिलिमीटर जाड असल्याचे लिहिलेले असते, हा प्रसंग आता नेहमीचा झाला आहे. ४ मिलिमीटरची मर्यादा रक्तस्राव होत असलेल्या स्त्रियांसाठी ठरविलेली आहे. रक्तस्राव मुळीच नसेल तर केवळ त्या आकड्यावरून सर्वांना दुर्बीण घालण्याची गरज नसते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तर या औषधानेच अस्तर जाड दिसते, त्यामुळे रक्तस्राव झाला तर तत्काळ तपासणी आणि एरवी अनावश्यक हस्तक्षेप नाही, असे धोरण ठेवले जाते. पाळी चालू असलेल्या वयात योगायोगाने सापडलेला, १० मिलिमीटरहून लहान व त्रास न देणारा पॉलिप कधी कधी आपोआप नाहीसा होतो. गर्भधारणेची घाई नसेल तर काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करणे हा योग्य पर्याय आहे.

किशोरवयीन मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत होणारा अति रक्तस्राव बहुधा स्त्रीबीज नियमित न सुटण्यामुळे किंवा रक्त गोठण्यातील जन्मजात दोषामुळे असतो. तेथे रक्ततपासण्या व औषधे आधी येतात आणि दुर्बिणीची वेळ क्वचितच येते.

वंध्यत्वाच्या उपचारात हा विवेक सर्वाधिक लागतो. टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे आयव्हीएफ करण्यापूर्वी, सोनोग्राफी निर्दोष असली तरी, प्रत्येकीची हिस्टेरोस्कोपी करून घ्यावी असा प्रघात अनेक ठिकाणी पडला आहे. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन मोठे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले : एक नेदरलँड्समधील, पहिल्यांदाच आयव्हीएफ करणाऱ्या ७५० स्त्रियांचा, आणि दुसरा युरोपातील आठ रुग्णालयांतील, पूर्वी दोन ते चार वेळा आयव्हीएफ अयशस्वी झालेल्या सुमारे ७०० स्त्रियांचा. दोन्हींमध्ये सोनोग्राफी निर्दोष होती, आणि दोन्हींमध्ये आधी हिस्टेरोस्कोपी केल्याने जिवंत मूल जन्माला येण्याचे प्रमाण वाढले नाही. सोनोग्राफी किंवा गर्भनलिकांच्या क्ष-किरण तपासणीत पोकळीचा दोष दिसला असेल तर गोष्ट वेगळी; पण ‘एकदा पाहून घेऊ’ एवढ्याच कारणासाठी होणाऱ्या तपासणीला या निष्कर्षांचा पाठिंबा नाही.

गर्भाशयाच्या पोकळीत जन्मतः असलेल्या पडद्याबाबतही असाच सावधपणा आला आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांमध्ये हा पडदा दुर्बिणीतून कापण्याची पद्धत पूर्वीपासून रूढ आहे. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेल्या एका तुलनात्मक अभ्यासात पडदा कापलेल्यांपैकी ३१ टक्के व न कापलेल्यांपैकी ३५ टक्के स्त्रियांना मूल झाले. अभ्यास केवळ ८० स्त्रियांचा असल्यामुळे तो अखेरचा शब्द नव्हे, तरी पडदा सापडला म्हणजे तो कापलाच पाहिजे असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

केव्हा टाळावी

हवीशी असलेली, गर्भाशयात वाढणारी गर्भधारणा हे हिस्टेरोस्कोपी न करण्याचे सर्वांत स्पष्ट कारण आहे. पाळी चुकली असेल किंवा तारखांची खात्री नसेल, तर तपासणीच्या दिवशी लघवीची गर्भचाचणी करावी. गर्भाशय, नलिका किंवा योनिमार्गात तीव्र संसर्ग असेल, म्हणजे ताप, ओटीपोटात दुखणे व दुर्गंधीयुक्त स्राव असेल, अथवा जननेंद्रियांवर हर्पीसचे फोड उठले असतील, तर सलाईनच्या दाबाने जंतू वर ढकलले जाण्याची भीती असल्याने आधी संसर्ग पूर्ण बरा करावा लागतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग निश्चित झालेला असेल तर त्या मार्गाने दुर्बीण घालणे टाळतात, कारण तेथे रक्तस्राव व रोगाचा प्रसार या दोहोंचा धोका असतो. गर्भाशयाला नुकतेच छिद्र पडलेले असेल तर ते भरून येईपर्यंत थांबावे लागते.

काही कारणे पूर्ण मनाईची नसून वेळ पुढे ढकलण्याची किंवा अधिक सावधगिरीची असतात. जोराचा रक्तस्राव चालू असताना सलाईन लाल होते व काहीच नीट दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर आधी औषधांनी तो आटोक्यात आणतात. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ते वाढविणे शहाणपणाचे असते. हृदय, मूत्रपिंड वा फुप्फुसाचा गंभीर आजार असेल, तर शरीरात शोषला जाणारा द्रव व भूल या दोन्हींचा विचार संबंधित तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा लागतो. अस्तराच्या कर्करोगाचा संशय असतानाही तपासणी करतात, कारण निदानासाठीच ती हवी असते. सलाईनबरोबर काही पेशी नलिकांवाटे पोटात जाऊ शकतात, परंतु त्याने रोगाचा पुढचा प्रवास बिघडतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. अशा वेळी दाब कमी ठेवला जातो, आणि साध्या नळीने घेतलेल्या तुकड्यातच कर्करोगाचे निदान झाले असेल तर दुर्बिणीची गरज बहुधा उरत नाही.

धोके व त्यांचा हिशेब

नेदरलँड्समधील ८२ रुग्णालयांत झालेल्या १३,६०० हिस्टेरोस्कोपींचा आढावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानात्मक तपासणीत गुंतागुंतीचे प्रमाण ०.१३ टक्के, तर शस्त्रक्रियात्मक प्रकारात ०.९५ टक्के आढळले. गर्भाशयाला छिद्र पडणे ही त्यांतील सर्वांत अधिक दिसलेली गुंतागुंत होती, आणि चिकटपणा सोडविण्याच्या शस्त्रक्रियेत धोका सर्वाधिक, ४ टक्क्यांहून अधिक होता. याचा अर्थ असा की केवळ पाहण्याची तपासणी बरीच सुरक्षित आहे. मात्र आत करावयाचे काम जितके मोठे, तितकी ते करणाऱ्याच्या अनुभवाची किंमत वाढत जाते.

मोठ्या गाठी काढताना एक धोका बाहेरून दिसत नाही, तो म्हणजे रक्तात शिरणाऱ्या द्रवाचा. कापलेल्या रक्तवाहिन्यांमधून पोकळीतील द्रव शरीरात शोषला जातो, म्हणून शस्त्रक्रियागृहात आत सोडलेला द्रव व बाहेर पिशवीत जमलेला द्रव यांची वजाबाकी सतत केली जाते. विजेच्या एकध्रुवी तारेबरोबर वापरल्या जाणाऱ्या ग्लायसिनसारख्या द्रवात मीठ नसल्याने तो शोषला गेल्यास रक्तातील सोडियम घसरते, मेंदूला सूज येऊ शकते. निरोगी स्त्रीमध्ये अशा द्रवाची तूट १,००० मिलिलिटर झाली की शस्त्रक्रिया थांबविण्याची शिफारस आहे. द्विध्रुवी तारेबरोबर चालणाऱ्या सलाईनसाठी ही मर्यादा २,५०० मिलिलिटर आहे, कारण त्याने सोडियम बिघडत नाही, परंतु हृदयावर व फुप्फुसांवर भार येतोच. वृद्ध किंवा हृदयविकार असलेल्या स्त्रियांसाठी दोन्ही मर्यादा आणखी खाली आणल्या जातात. त्यामुळे मोठी गाठ एका बैठकीत पूर्ण न निघता काम दुसऱ्या वेळेवर सोडले गेले, तर ते अपयश नसून सुरक्षिततेचा निर्णय असू शकतो.

वेदना, तयारी व नंतरची काळजी

भुलेशिवाय केलेल्या तपासणीत पाळीसारख्या कळा येतात. काहींना त्या सौम्य वाटतात, तर काहींना असह्य. सुमारे तासभर आधी घेतलेली वेदनाशामक गोळी, बारीक दुर्बीण आणि शक्य तितका कमी दाब यांनी त्रास बराच कमी होतो. इटलीतील बेतोक्की व सेल्वाज्जी यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत योनिमार्ग उघडण्याचे साधन व गर्भाशयमुख धरण्याचा चिमटा दोन्ही न वापरता, योनिमार्गातच सलाईन सोडून दुर्बीण पुढे नेली जाते. संभोग न झालेल्या मुली व योनिमार्ग कोरडा झालेल्या वयस्क स्त्रिया यांच्यासाठी ती विशेष सोयीची आहे. दुखणे सहन होत नसेल तर मध्येच थांबायला सांगण्याचा व भूल देऊन नंतर करण्याचा पर्याय मागण्याचा अधिकार प्रत्येक स्त्रीला आहे, आणि हे आधीच स्पष्ट झालेले असावे.

तपासणीनंतर काही दिवस थोडे रक्त किंवा पाणी जाणे व हलके दुखणे स्वाभाविक आहे. ते थांबेपर्यंत संबंध टाळण्यास सांगितले जाते. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, उलट्या किंवा धाप यांपैकी काही झाले तर मात्र ठरलेल्या फेरतपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निर्णय घेताना

या तपासणीचे महत्त्व महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एका बाजूने समजते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये मोठ्या संख्येने गर्भाशये काढली गेल्याचे उघड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती. अंगावरून जाते, पांढरे जाते किंवा पोटात दुखते एवढ्या तक्रारीवर ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो, तेव्हा रक्तस्रावाचे कारण शोधले गेले आहे काय, अस्तराचा तुकडा तपासला आहे काय आणि पोकळीत एखादा सहज काढता येणारा पॉलिप आहे काय, हे प्रश्न आधी विचारले गेले पाहिजेत. योग्य जागी केलेली हिस्टेरोस्कोपी अशी मोठी शस्त्रक्रिया टाळू शकते. अनावश्यक ठिकाणी ती करू नये, ही बाजू जितकी खरी, तितकीच आवश्यक ठिकाणी ती न करता थेट गर्भाशय काढू नये, ही बाजूही खरी आहे.

म्हणून डॉक्टरांनी हिस्टेरोस्कोपी सुचविल्यावर पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात : सोनोग्राफीत किंवा लक्षणांत कोणती गोष्ट पाहून ती सुचविली आहे, तपासणीत काही सापडले तर पुढे काय करणार आणि काही न सापडले तर काय करणार, केवळ पाहणार की त्याच वेळी काढणारही, व त्यासाठीची संमती आधी घेतली जाणार काय, भूल लागेल काय, काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जाईल काय आणि त्याचा अहवाल केव्हा मिळेल. ‘सापडले तर’ व ‘न सापडले तर’ या दोन्ही उत्तरांत पुढचा उपचार अगदी तोच असेल, तर ही तपासणी आत्ताच करण्याची निकड आहे काय, हे डॉक्टरांशी पुन्हा बोलून ठरवावे. आणि पाळी गेल्यानंतर रक्त दिसले असेल, तर मात्र पहिली भेट पुढच्या महिन्यावर ढकलू नये.